वाकड्या दगडापलीकडचं गवत

मला रिकामं बसवत नाही. घरी या गोष्टीचं कौतुक व्हायचं. मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्या घरात बसून राहणारी मुलगी कुणाला हवी असते? पण इथे, ओआहू बेटावर, एका शनिवारी माझं काम अर्धा तास लवकर संपलं आणि तो अर्धा तास मी बसले नाही. त्यातून जे झालं ते लिहायचं मी बरेच दिवस टाळते आहे. लिहायला घेतलं की उठून पाणी प्यायला जाते.

मी इथल्या विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकते, मास्टर्सला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पहिलं असण्याचा एक तोटा असा की प्रश्न विचारायची सवय लागत नाही. वर्गात बाकीचे सहज हात वर करतात, कधी कधी अगदी साधी शंका विचारतात आणि कुणी हसत नाही. मला मात्र वाटतं, विचारलं की हिला येत नाही हे कळेल. मग कुणाला तरी प्रश्न पडेल, हिला इथे घेतलं कुणी? म्हणून मी अंदाज बांधते, आणि अंदाज चुकू नये म्हणून दुप्पट राबते.

माझी रूममेट ॲरिझोनातल्या चँडलरची. जन्म तिथलाच, आईवडील नाशिकचे. माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणते. तिनेच मला पहिल्यांदा त्या शनिवारच्या कामाच्या जागी नेलं.

"ताई, संडेला लॅब, सॅटर्डेला लॅब. यार, तू बेटावर राहतेस, तुला कुणी सांगितलं नाही का?"

"तिकडे जाऊन करायचं काय?"

"गवत उपटायचं. तुला आवडेल. तू तशी पण बोअरिंग आहेस."

ती मला घेऊन गेली ते एक हेइआऊ होतं. हेइआऊ म्हणजे हवाईच्या मूळ लोकांचं जुनं देवस्थान. आपल्या मनातल्या देवळासारखं तिथे काही नाही, छप्पर नाही, मूर्ती नाही. चुन्याशिवाय रचलेल्या काळ्या दगडांचा एक लांबरुंद ओटा आणि भोवती कमरेइतकी भिंत. कित्येक वर्षं ते सगळं बाहेरून आलेल्या झाडांत आणि पुरुषभर उंच गिनी गवतात बुडालेलं होतं. आसपासच्या माणसांनी दर शनिवारी जमून ते मोकळं करायला घेतलं होतं. परकी झाडं काढायची, ढासळलेली भिंत जाणत्या माणसांच्या हाताखाली पुन्हा रचायची आणि इथली मूळची झाडं परत लावायची.

आत जायची एक रीत होती. सगळ्यांनी भिंतीबाहेर उभं राहायचं. एकजण त्यांच्या भाषेत साद घालायचा, येऊ का म्हणून. मग थांबायचं. आतून उत्तर आलं की एकेकाने आपलं नाव, गाव आणि आज मनावर काय ओझं आहे ते सांगायचं आणि मगच पाऊल टाकायचं. बाकीच्या नव्या लोकांना याचं अप्रूप वाटलं. मला वाटलं नाही. आमच्याकडेही मेंढपाळांच्या तळावर कुणी तसंच शिरत नाही. लांबूनच हाळी द्यायची, कुत्री आवरली जाईपर्यंत थांबायचं, मग जायचं.

आतून उत्तर द्यायच्या त्या सत्तरीच्या एक बाई. या बेटावर वडीलधाऱ्यांना सगळे आंटी आणि अंकल म्हणतात, नातं असो वा नसो. त्या आंटी. बुटक्या, गवताची टोपी घातलेल्या, फार न बोलणाऱ्या. अवजारं सांभाळणारे अंकल त्यांच्या उलट, सतत चेष्टा करणारे.

पहिल्याच दिवशी अंकलनी मला कोयता दिला आणि एका झाडापाशी उभं केलं. बघते तर सुबाभूळ. तेच चिंचेसारखं पान, त्याच चपट्या शेंगा. माझा हात थांबला. आमच्याकडे उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या याच पाल्यावर तगतात.

"काय झालं?" अंकलनी विचारलं.

"हे चांगलं झाड आहे," मी अडखळत म्हटलं. "शेळ्या खातात."

अंकलनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "शेळ्या मागवू का? तोवर कापत राहा."

सगळे हसले, मीही हसले आणि कापायला लागले. काही शनिवारांनी मला तिथे बरं वाटू लागलं. पिवळ्या फुलांचं एक बुटकं झुडूप दाखवून अंकल म्हणाले की हे इथलंच, पूर्वी याचे हार करायचे. मी म्हटलं, आमच्याकडच्या चिकणा झुडपाची ही बहीण दिसते. तेव्हापासून ते मला झाडांतलं कळणारी मुलगी समजू लागले. वर्गात जे मला कुणी समजत नव्हतं ते इथे समजत होते. तो मान मला सोडवेना. खरं म्हणजे मला जे कळत होतं ते एका डोंगरापुरतं होतं, आणि तो डोंगर समुद्रापलीकडे होता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

तो ऑक्टोबरातला शनिवार. अंकलनी मला खालच्या कोपऱ्यात एकटीला पाठवलं. "भिंतीच्या कडेने गिनी गवत काढत जा. त्या वाकड्या दगडापर्यंत. पुढे नको." पुढे का नको ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वाकड्या दगडापर्यंतचं काम जेवणाच्या अर्धा तास आधी संपलं. पाणी प्यायले. दगडावर टेकले, लगेच उठले. दगडापलीकडे गिनी गवताच्या आड आणखी काहीतरी दिसलं. गवत बाजूला केलं तर तिथे कुसळी.

'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ' सगळ्यांना म्हणीतून माहीत असतं. मला ते मेंढरांच्या डोळ्यांतून माहीत आहे. या गवताच्या बिया सुईसारख्या टोकदार, मागे काळी पिळदार शेपटी. लोकरीत अडकतात, तिथून कातडीत शिरतात, जखमा चिघळतात. लहानपणी दिवाळीनंतर माझं कामच ते असायचं. मेंढरू मांडीशी धरायचं आणि एकेक कुसळ वेचायचं. माझे आबा सांगायचे, कुसळी दिसली की बी पडायच्या आत उपटायची, नाहीतर पुढच्या वर्षी दसपट.

इथेही ती तुऱ्यावर आली होती. बी पिकत होतं. मला इतका आनंद झाला की आता सांगायलाही लाज वाटते. ही मला येते! कुणाला विचारायची गरज नाही. खुरपं घेतलं आणि मुळासकट एकेक ठोंब काढला, बी सांडू नये म्हणून तुरे वर धरून, अगदी आबांच्या पद्धतीने. एका ठोंबाच्या बुडाशी विटलेली गुलाबी फीत होती. कचरा म्हणून ती खिशात घातली. सगळे ठोंब ताडपत्रीवर घालून कापलेल्या झाडोऱ्याच्या ढिगाकडे ओढत नेले आणि वरून गिनी गवत टाकलं. मग हात धुऊन जेवायला गेले. त्या दिवशी मला भूकही चांगली लागली होती.

परतीच्या बसमध्ये रूममेटने ग्रुपवरचा फोटो दाखवला. आंटींनी आदल्या दिवशीच तो टाकला होता, मी बघितला नव्हता. फोटोत कुसळी. तुरे वाऱ्यावर कललेले, बुडाशी गुलाबी फीत. खाली आंटींनी लिहिलं होतं की आपल्या पिलीला, म्हणजे या गवताला, पहिल्यांदाच तुरे आले. पूर्वी इथली घरं याच गवताने शाकारायचे. हे बी माझ्या आईच्या माहेरच्या डोंगरावरचं. तो डोंगर जळला, आता तिथे नुसतं गिनी गवत आहे. उद्याचा सोडून पुढच्या शनिवारी सगळे मिळून बी गोळा करू आणि पावसाआधी वरच्या उतारावर पेरू.

मी खिशात हात घातला. फीत होती.

"ताई? हातात काय आहे?"

मी तिला फीत दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. तिने फीत उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "ओके. ऐक. कोणी बघितलं?"

"नाही."

"मग सोड ना. गवत आहे ते. गवत मरतं. तू काय मुद्दाम केलंस का?"

मुद्दाम नव्हतं. तरी मला बसमध्ये बसवेना. दोन स्टॉप आधी उतरून मी चालत घरी गेले.

तो आठवडा कसा गेला ते मला सलग आठवत नाही. लॅबमध्ये मातीचे नमुने चाळायला घ्यायचे आणि चाळणी अर्ध्यात ठेवून बाहेर यायचे. जिना उतरायचा, पुन्हा चढायचा. एकदा प्राध्यापकांनी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. मनात एकच चालू होतं. सांगितलं तर त्या म्हणतील, येऊ नकोस. न सांगितलं तर मी जात राहीन, पण जाऊन तोंड कसं दाखवू? दोन्हीकडून ती जागा जात होती.

गुरुवारी ग्रुपवर आंटींचा निरोप आला. "खालच्या कोपऱ्यातली पिली नाही. कुणाला काही माहीत आहे?" एवढंच. कुणीतरी रडका चेहरा टाकला. अंकलनी लिहिलं, डुकरं असणार, मागच्या वर्षीही रानडुकरांनी तो कोपरा उकरला होता. मग सगळे डुकरांवर तुटून पडले. शनिवारी तार आणून कुंपण घालायचं ठरलं.

"बघ," रूममेट म्हणाली, "डुकरांनी तुला वाचवलं. थँक यू म्हण त्यांना."

आतापर्यंत मी फक्त गप्प होते. त्या संध्याकाळपासून माझं गप्प राहणं हेच खोटं झालं.

मी कपडे धुवायला काढले, काहीतरी करायचं म्हणून. शनिवारचे मोजे तसेच पडले होते. हात घातला आणि बोटाला टोचलं. मोज्यांत, पँटच्या दुमडीत, बुटांच्या कापडात कुसळं घुसलेली होती. मी जमिनीवर बसले आणि आयुष्यभर जे करत आले ते केलं. एकेक कुसळ वेचलं, शेपटी तुटू न देता. वेचता वेचता एक बेत सुचला. ही लावायची. रोपं आली की गुपचूप नेऊन त्याच जागी लावायची आणि मग, जमलं तर, सांगायचं. हातात काहीतरी घेऊन जायचं. रिकाम्या हातांनी नाही.

शुक्रवारी संध्याकाळी घरी फोन केला. तिथे शनिवारची सकाळ झाली होती. आईच्या मागे मेंढरं ओरडत होती.

"आई, कुसळीचं बी पेरलं तर किती दिवसांनी उगवतं गं?"

आई हसायलाच लागली. "आगं बया! कुसळी पेरत्यात व्हय तिकडं? हितं उपटून उपटून आमची हाडं झिजली."

"इथे ती देवापाशी लावतात."

"आसंल. ज्याचा त्याचा देव." मग आवाज बदलला. "तू काय केलंस?"

"मी कुठे म्हटलं काही केलं म्हणून?"

"मेंढरू हरवल्यावानी बोलतीस."

मी सगळं सांगितलं. माझा बेतही सांगितला.

"कवाची गोष्ट?"

"गेल्या शनिवारची."

"आन् आज शनिवार."

"इथे शुक्रवार आहे, आई."

"कुठलाबी वार असू दे. दुसऱ्याचं मेंढरू आपल्या हातनं हरवलं तर आदी काय करायचं?"

हे आमच्याकडे चालायला येतं तेव्हापासून शिकवतात. "ज्याचं आहे त्याला सांगायचं."

"आन् मग?"

"मग शोधायला जायचं."

"आदी हुडकू आन् मग सांगू म्हणलं की तेवढ्यात लांडगं जेवून जातंय. इतकं शिकलीस आन् हेच इसरलीस?"

आंटींचा नंबर माझ्याकडे नव्हता आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहायची हिंमत झाली नाही. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. आईने सांगूनही मी आणखी एक रात्र घालवली.

सकाळी कुसळं कागदी पिशवीत घातली, फीतही घातली. भिंतीबाहेर सगळे उभे होते. अंकलनी तारेची दोन भेंडोळी आणली होती. साद घातली गेली, आतून आंटींचं उत्तर आलं. एकेकाने नाव आणि गाव सांगितलं. कुणाच्या मनावर परीक्षा होती, कुणाच्या मनावर आईचं आजारपण. माझी पाळी आली तेव्हा माझं इंग्रजी पार मोडलं.

"डुकरं नव्हती," मी म्हटलं. "मी होते. मी वाकडा दगड ओलांडला. पिली मी उपटली."

अंकलनी हातातली पहार भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "म्हणजे मी आठवडाभर डुकरांना उगीच शिव्या दिल्या." कुणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

आंटी भिंतीपाशी आल्या. बाकीच्यांना त्यांनी मानेने आत जायला सांगितलं. रूममेट जाताना माझा दंड दाबून गेली. आम्ही दोघीच राहिलो, त्या भिंतीच्या आत, मी बाहेर.

"तुला ते गवत ओळखू आलं नाही?"

खोटं बोलायला ही जागा होती. त्यांनीच करून दिली होती. "आलं," मी म्हटलं. "आमच्याकडे असतं. मेंढ्यांना टोचतं, म्हणून आम्ही उपटतो. मला वाटलं, मला माहीत आहे."

"विचारलं का नाहीस?"

याचं जे उत्तर मी आता वर लिहिलं आहे, ते तेव्हा सुचलं नाही.

"कळलं कधी तुला?"

"त्याच दिवशी. बसमध्ये."

त्यांनी टोपी काढून भिंतीवर ठेवली. "ढीग बुधवारपर्यंत इथेच होता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बुधवारी मशीन आलं आणि सगळ्याचा भुगा करून गेलं. तू मुळासकट काढलं होतंस ना? रविवारी सांगितलं असतंस तर आपण परत लावलं असतं. त्यातलं निम्मं तरी जगलं असतं."

मी मातीची विद्यार्थिनी. ओल्या मुळांचा ठोंब ढिगाखाली किती दिवस तग धरतो हे मला कळायला हवं होतं. आठवडाभर मी फक्त माझं काय होईल याचा विचार करत होते. ढिगाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मी पिशवी पुढे केली. त्यांनी कुसळं तळहातावर ओतली आणि एकेक बी नखाने दाबून बघायला लागल्या. पोकळ बी फुंकून टाकायच्या, भरीव बाजूला ठेवायच्या. बरीचशी अजून पिकलेली नव्हती.

"शेपट्या अख्ख्या आहेत," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवलं असं काढायला?"

"मेंढ्यांनी."

त्या हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत. भरीव बिया त्यांनी पिशवीत परत घातल्या.

"आज आत नको," त्या म्हणाल्या. "बाहेरचं कर."

मी दिवसभर भिंतीबाहेर सुबाभूळ कापली. आतून बोलण्याचे, दगड बसवण्याचे आवाज येत होते. तार तशीच गाडीत परत गेली. दुपारी आंटी लाव्हाच्या काळ्या भरडीने भरलेला एक ट्रे घेऊन आल्या. भरीव बिया आम्ही दोघींनी त्यात टोचल्या. वरून पाणी शिंपडल्यावर कुसळांच्या शेपट्या हळूहळू उलगडून फिरायला लागल्या आणि बिया आपोआप आत शिरू लागल्या. लहानपणी मेंढराच्या कातडीत त्या अशाच शिरताना बघितल्या होत्या. तेव्हा मला रडू यायचं.

"उगवतील का?" मी विचारलं.

"माहीत नाही. पिलीचं बी खूप दिवस झोपून राहतं. कधी उठतच नाही." त्यांनी गुलाबी फीत ट्रेच्या कडेला बांधली. "हा ट्रे प्रवेशापाशी राहील. पाण्याचं तुझ्याकडे."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला आत घेतलं, काही न बोलता. बाकीच्यांनीही विषय काढला नाही. फक्त अंकल अजून मला काम देताना विचारतात, "वाकडा दगड दिसतोय ना?" आणि मी दरवेळी दिसतो म्हणते. दर मंगळवारी क्लास संपला की बस पकडून मी पाणी घालायला जाते. नुसती काळी भरड बघायची आणि परत यायचं. रूममेट म्हणते, "ताई, तू एका ट्रेला डेट करतेयस." आई फोनवर आधी तेच विचारते, उगवलं का? तिच्या शेजारणींना आता सगळं माहीत झालंय. परदेशात कुसळी पेरायला गेलेली पोर म्हणून माझी ओळख झाली आहे.

पाऊस आला. आंटींनी वरचा उतार पेरायचा ठरवला होता, तो तसाच राहिला. येता-जाता तो मला दिसतो.

गेल्या शनिवारी ट्रेमध्ये एक पातं दिसलं. एकच, दोऱ्याएवढं, फितीच्या जवळ. मी गुडघ्यांवर बसले. इतक्या कोवळ्या पात्यावरून काही सांगता येत नाही. पिली असेल, नाहीतर वाऱ्याने आलेलं गिनी गवत असेल. गिनी असेल तर आत्ताच काढायला हवं, नाहीतर ते सगळा ट्रे खाईल. माझा हात त्याच्यापर्यंत गेला होता. बोटं चिमटीत आली होती.

मी हात मागे घेतला आणि भिंतीवरून आत हाक मारली. आंटी ओट्याच्या पलीकडच्या टोकाला होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने, आमच्याकडे तळाबाहेरून देतात तशी. सगळ्यांनी माना वर केल्या.

"मला कळत नाहीये," मी ओरडून सांगितलं. "तुम्ही येऊन बघता का?"

आंटींनी हातातला दगड खाली ठेवला आणि टोपी सावरत सावकाश माझ्याकडे यायला निघाल्या. त्या येईपर्यंत मी तशीच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून.